टर्बोवाले गुरुजी

दक्षिणेऐवजी मोटारीचे सुटे भाग मागणारा भिक्षुक मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमचे घरमालक, केशवगुरुजी धामणकर, मुक्काम रामघाट, काशी.

बँकेनं माझी बदली साताऱ्याहून थेट बनारसला केली, तेव्हा मी काळजीनं अर्धा झालो होतो. मुळात मी काळजी करणाराच माणूस. सगळं सुरळीत चाललं असेल तर त्याचीही मला काळजी वाटते. रामघाटाच्या गल्लीत मराठी माणसाचं घर भाड्यानं मिळालं, खाली आम्ही नवरा-बायको आणि वर गुरुजी एकटे, तेव्हा कुठं मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं पहिल्या संध्याकाळपर्यंतच टिकलं. बँकेतून येताना पाहतो तो गल्लीच्या तोंडाशी एसटीडी बूथमध्ये धोतर-उपरण्यातले गुरुजी रिसीव्हर कानाशी धरून ओरडत होते, "अस्थींची बिलकुल फिकीर करू नका हो, ते मी सगळं पाहतो. पण तो वेस्टगेटचा डायफ्राम आणायचा विसरू नका! आणि जुना नको, सीलबंद पाहिजे!"

पलीकडे कोल्हापूरचे कुणी गृहस्थ होते. त्यांचे वडील नुकतेच गेले होते. डायफ्राम हे उत्तरक्रियेतलंच काही साहित्य असणार, अशी माझी समजूत झाली. घरी येऊन मी बायकोला म्हणालो, "काशीत विधी फार कडक असतात बरं का." ती म्हणाली, "तुम्ही आधी चहा घ्या."

खुलासा त्याच आठवड्यात झाला. गुरुजी मला मैदागिनजवळच्या एका लाकडाच्या वखारीत घेऊन गेले. (आमच्या गल्लीत एक माणूस आणि एक सांड समोरासमोर आले तर माणसाला कुणाच्या तरी ओट्यावर चढावं लागतं, तिथं मोटार कुठली यायला!) सागाच्या ओंडक्यांमागे, ताडपत्रीखाली एक लाल, दोन दारांची, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी जपानी स्पोर्ट्स कार उभी होती. वय बारा-पंधरा वर्षांचं. आखातातून परतलेल्या कुणीतरी ती आणलेली, आणि हात बदलत पुण्याच्या मिलिंद इनामदार नावाच्या एका तरुण इंजिनियरकडे आलेली. मागच्या काचेवर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, टर्बो.

"घाबरू नका," गुरुजी म्हणाले, "पण मामला घाबरण्याचाच आहे." हे त्यांचं पेटंट वाक्य. गॅस संपला तरी ते हेच म्हणत.

मामला असा होता. हा मिलिंद तापाचं निमित्त होऊन पंचविशीतच गेला. वडील अस्थी घेऊन काशीला आले आणि दहावं-तेरावंही इथंच करायचं म्हणाले. दहाव्याला घाटाच्या पायरीवर पिंड ठेवला, पण कावळा काही शिवेना. वडिलांनी हात जोडून सगळं कबूल केलं. आईला जपतो म्हणाले, बहिणीचं लग्न थाटात करतो म्हणाले. कावळा नावेच्या टोकावर बसून नुसता बघत राहिला. ऊन डोक्यावर आलेलं, गुरुजींना सकाळपासून उपास. शेवटी त्यांनी विचारलं, "मुलाचा जीव कशात होता हो?" वडील म्हणाले, "गाडीत." झालं! गुरुजी नदीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "बाळ मिलिंद, गाडीची चिंता करू नकोस. तुझी गाडी मी सांभाळीन!"

"मग?" मी विचारलं.

"मग काय, शिवला," असं म्हणून गुरुजी लगबगीनं ताडपत्री झटकायला लागले.

"मला वाटलं, मोटार पुण्यात, आपण काशीत," ते पुढे म्हणाले. "बोलायला काय जातं? तर त्या माणसानं बाराव्याला शय्या, छत्री, जोडे यांच्याबरोबर मोटारही दान देऊन टाकली. महिन्याभरात ट्रकवर चढून आली. आता बोला!"

दानाचं शास्त्र तुम्हाला माहीत असेलच. ब्राह्मण जे वापरतो ते गेलेल्याला पोचतं. छत्री उघडली की तिथं सावली, जोडे घातले की तिथं पायांना आराम. गुरुजींनी हे हजारो यजमानांना सांगितलेलं, आणि दुर्दैवानं त्यांचा स्वतःचा त्यावर पूर्ण विश्वास होता. म्हणजे इथं गाडी बंद पडली की तिथं मिलिंद रस्त्यात उभा! वखारीत इंजिन नुसतं खोकलं तरी गुरुजींचा चेहरा उतरायचा. "पोरगा उन्हात उभा असेल हो," ते म्हणायचे, आणि मीही वखारीच्या दारातून उन्हाकडे बघायला लागायचो. माझ्यासारख्या माणसाला असल्या गोष्टी सांगूच नयेत.

अर्धी मोटार गेल्यावर गुरुजी गाडी चालवायला शिकले. अर्धी म्हणजे डावी बाजू. ती वखारीच्या फाटकाला घासून गेली. शिकवणारा होता छोटेलाल मिस्त्री. त्याचा अनुभव जीपगाड्या आणि लग्नातले जनरेटर एवढाच. बॉनेट उघडलं की तो कपाळावर हात मारायचा, "गुरू, ई मोटर ना हौ, हवाई जहाज हौ. एके छोड़ दा." गुरुजी सोडत नव्हते. रोज स्नानसंध्या झाली की ते गाडी बाहेर काढत. ऑइल बदलायला अमावस्या टाळत. पेट्रोल जुन्या धोतराच्या तीन पदरांतून गाळून घेत. गाडी थांबवल्यावर टर्बो गरम असताना इंजिन एकदम बंद करू नये, थोडं चालू ठेवावं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून ते आत बसून एक संपूर्ण स्तोत्र म्हणत आणि मगच किल्ली फिरवत. बाहेर रिक्षावाले शंख करत, पण फलश्रुतीपर्यंत गुरुजी हलायचे नाहीत.

एवढं करून त्या गाडीचा टर्बो त्यांनी कधी अनुभवलाच नव्हता. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. इंजिन जोरात फिरल्याशिवाय तो जागा होत नाही, आणि बनारसच्या रस्त्यावर दुसऱ्या गियरच्या वर जायची सोय नाही. पुढे म्हैस, मागे वरात. "चाललाय पोरगा," गुरुजी खंतावून म्हणायचे, "पण रिक्षाच्या चालीनं."

त्यात मुलाची एक इच्छा राहिली होती, असं वडील बोलून गेले होते. त्याला टर्बोचं प्रेशर वाढवायचं होतं. झालं, गुरुजींनी येणाऱ्या-जाणाऱ्या यजमानांना भंडावून सोडलं. संकल्प सोडता सोडता मध्येच विचारायचे, "आपल्या नात्यात कुणी मोटारवाले आहेत का?" मुंबईच्या एकानं सांगितलं, मोठा इंटरकूलर बसवा, हवा गार झाली की ताकद आपोआप वाढते. बंगलोरच्या दुसऱ्यानं सांगितलं, काही नको, वेस्टगेटच्या, म्हणजे जादा प्रेशर सोडून देणाऱ्या झडपेच्या, दांडीचा नट आवळा, प्रेशर चढेल. छोटेलाल म्हणाला, प्रेशर चढलं की या पेट्रोलवर इंजिन फुटेल. गुरुजींची झोप उडाली. "पहा ना, इच्छा पुरी करावी तर इंजिन जातं, न करावी तर इच्छा उरते!" अखेर त्यांनी धर्मशास्त्राला साजेसा मध्यम मार्ग काढला. नटाला पाव फेरा दिला आणि आकाशाकडे पाहून म्हणाले, "सध्या एवढंच घे बाळ."

अशी चार-पाच वर्षं गेली असतील. आणि एक दिवस इनामदारांचा, म्हणजे मिलिंदच्या वडिलांचा, फोन आला. मिलिंदच्या श्राद्धाला ते काशीत येणार होते, आणि जमलं तर गाडी एकदा बघायची होती.

नेमक्या त्याच आठवड्यात गाडीनं निळा धूर सोडला. टर्बोची सीलं गेली होती, ऑइल आत जळत होतं. छोटेलालनं मान हलवली. त्या दिवसापासून गुरुजी जेवणाच्या नावाखाली ताटाभोवती पाणी फिरवून उठू लागले. रात्री वरच्या मजल्यावर त्यांच्या येरझाऱ्या ऐकू यायच्या, आणि खाली मी जागा. बायको म्हणाली, "तुमचा कोण तो मिलिंद? तुम्ही का जागता?" पण एका अनोळखी पोराला कुणीतरी कुठंतरी रस्त्यात ताटकळत ठेवलंय, हा विचार एकदा डोक्यात शिरला की जात नाही हो.

शेवटी ठाण्याचे एक गृहस्थ देवासारखे धावून आले. त्यांच्या आई वारल्या होत्या आणि भाऊ सिंगापूरला होता. तो येताना टर्बोच्या नव्या सीलांचं किट घेऊन आला. भावांना घेऊन गुरुजी नावेत बसले. मदतीला मी. नाव मध्यधारेत गेली, गुरुजींनी मंत्र सुरू केले, पण डोळे मिटलेले नव्हते. ते भावांच्या पिशवीवर होते. आणि इथंच घात झाला. ठाण्याच्या वहिनी फार भाविक. काशीला न्यायची वस्तू म्हणून त्यांनी अस्थींची पुरचुंडी आणि सील किट, दोन्ही एकसारख्या लाल कापडात बांधून दिली होती. थोरल्या भावाचे डोळे पाण्यानं भरलेले. त्यानं पिशवीत हात घातला, एक गाठोडं कपाळाला लावलं, "आई गं!" म्हणाला आणि हात पाण्यावर धरला.

"थांबा! ती आई नव्हे!" गुरुजी मंत्र तोडून किंचाळले. "तो टर्बो आहे!"

त्यांनी झेप घेतली, नाव कलंडली, मल्लाहानं सर्वांच्या खानदानाचा उद्धार केला, आणि मी कुलदैवताला नवस बोललो. किट वाचलं. मग धाकटा भाऊ रडता रडता हसायला लागला. त्याचं पाहून थोरलाही. "आईला हे फार आवडलं असतं," तो म्हणाला. विसर्जन नंतर यथासांग झालं.

इनामदार आले त्याच्या आदल्या दिवशी सीलं बसली. इनामदार म्हणजे उंच, शांत, फार कमी बोलणारे गृहस्थ. श्राद्ध झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींनी त्यांना शेजारी बसवलं आणि मला मागच्या सीटवर, जिथं गुडघे कानाला लागतात, तिथं कोंबलं. राजघाटचा पूल ओलांडून, मुगलसरायच्या पुढे गेल्यावर रस्ता मोकळा लागला. गुरुजी आपले बैलगाडीच्या चालीनं.

"दाबा ना गुरुजी," इनामदार हळूच म्हणाले.

"दाब म्हणून मी सांगतोय हो पायाला. तो ऐकत नाहीये."

"दाबा."

गुरुजींनी डोळे किलकिले करून पाय दाबला. क्षणभर काहीच झालं नाही. मग पुढून एक बारीक शिटी आली, ती चढत गेली, आणि कुणीतरी पाठीमागून ढकलावं तशी गाडी सुटली. माझं डोकं मागच्या काचेवर आपटलं. गुरुजींची शेंडी उभी राहिली होती. "आला! आला!" ते ओरडत होते, "इनामदार, टर्बो आला हो!" इनामदार एका हातानं डॅशबोर्ड धरून समोर बघत होते, आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

एका कडुनिंबाखाली गाडी थांबली. इंजिन चालू ठेवून गुरुजींनी स्तोत्र सुरू केलं. ते अर्ध्यावर असतानाच इनामदार म्हणाले, "गुरुजी, फार केलंत. आता पुरे. कावळा शिवला तेव्हाच तो सुटला. तुम्ही किती दिवस अडकून राहणार? गाडी विकून टाकू."

स्तोत्र थांबलं.

"शिवला नव्हता," ते म्हणाले.

ते समोर रस्त्याकडे बघत बोलत राहिले.

"तुम्ही तोंड झाकून रडत होता. मी इतकं बोललो तरी तो उडून पार पलीकडे गेला. मग मी दर्भाचा कावळा करून लावला पिंडाला आणि तुम्हाला म्हटलं, शिवला. शास्त्रात चालतं ते. पण मी तुम्हाला खोटं सांगितलं. तुमच्या पोराला काय हवं होतं ते मला समजलंच नाही. म्हणून हे सगळं करत बसलो. डायफ्राम बसवला, वाटलं आता खूश होईल. नट आवळला, वाटलं हेच असेल. कसं कळणार हो? तो काही सांगतच नाही."

इनामदार म्हणाले, "बोटांच्या फटीतून मी पाहिलं होतं."

"काय?"

"दर्भ. तुमच्या हातातला. मला तेव्हाच ठाऊक होतं."

"मग मला गाडी कशाला दिलीत?"

"लोक भेटायला येत होते, आणि मी पुढं काय करायचं तेच सांगत होते," इनामदार म्हणाले. "त्याचा जीव कशात होता, हे विचारणारे तुम्ही एकटे."

गुरुजींनी उपरण्यानं तोंड पुसलं. आजवर मी त्यांना चिंतेत, घाईत, रागात पाहिलं होतं. इतकं एकटं कधी पाहिलं नव्हतं. ना बायको, ना मूल. ज्या पोराच्या काळजीत इतकी वर्षं काढली त्याला त्यांनी डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं. मला भडभडून आलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

"एक विचारू?" गुरुजी खालच्या आवाजात म्हणाले. "मला त्याचं फक्त नाव आणि गोत्र ठाऊक. संकल्पात लागतं तेवढं. गाडी चालवताना तो बोलायचा का हो? की गप्प असायचा?"

इनामदारांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "गायचा," ते म्हणाले. "भयंकर बेसूर गायचा. त्याची आई कान झाकून घ्यायची."

"बेसूर?" गुरुजी हसले. हसताना त्यांचे डोळे भरून वाहत होते. "आणखी सांगा ना."

मी सीट पुढे ढकलून कसाबसा बाहेर आलो आणि झाडापलीकडे जाऊन उभा राहिलो. मागे इनामदार बोलत होते. इतक्या वर्षांत मुलाविषयी ते बहुधा पहिल्यांदाच इतकं बोलत असावेत.