बारीक कमरेची गिटार

जुनं वाद्य पारखावं तर आम्हीच! भंगारवाल्याकडे मोडक्या पंख्यांच्या ढिगाखाली ती दिसली आणि मी टिचकी मारूनच ताडलं, माल अस्सल आहे! एकेकाळी शिकाऊ पोरांसाठी बनवलेली साधीसुधी, स्वस्तातली गिटार. पण लाकूड वाळून असं बोलकं झालेलं, की मी तार छेडली आणि भंगारवाला रद्दी तोलता तोलता थबकला! अंगानं इवलीशी. घरची माझी मोठी गिटार मांडीवर घेतली की कपाट उचलल्यासारखं वाटतं. ही मांजरासारखी कुशीतच येऊन बसली!

अडचण एकच. "आणखी एक वाद्य घरात आलं तर तू बाहेर!" असं बायकोनं बजावलेलं. म्हणून ती गुपचूप घरी आणून लपवली आणि गॅलरीत जाऊन मित्राला फोन केला.

"काय सांगू! वय झालंय, पण आवाज काय गोड! कंबर तर एवढीशी! मांडीवर घेतली की सोडवत नाही. बायकोला मात्र इतक्यात कळू देऊ नकोस!"

शेजारच्या काकू पलीकडे कपडे वाळत घालताहेत, हे मला काय ठाऊक! त्यांनी थेट माझ्या सासूबाईंना फोन लावला.

इकडे मी बेडरूमचं दार लावून, तारा सैल करून, गिटारची उचकटलेली पट्टी चिकटवायला बसलो. दुकानदार म्हणाला होता, या गमनं हत्तीसुद्धा भिंतीला चिकटेल. हत्तीचं माहीत नाही, माझी बाही चिकटली! ओढतोय तोच दारावर थापा.

"जावईबापू, दार उघडा! आत कोण आहे?" सासूबाई!

"कोणी नाही, आई! म्हणजे... येतो! पण ही सोडतच नाहीये मला!"

मग बायकोचा रडवेला आवाज, "तिला माझ्यासमोर आण. बस, एवढंच."

गिटारसकट गेलो आणि कोपरानं कडी काढली.

बायको बघतच राहिली. मग डोळे पुसत अशी हसत सुटली, की जमिनीवरच बसली! सासूबाईंनी कात्रीनं बाही कापली आणि गिटार घेऊन पलंगावर टेकल्या.

"लग्नाआधी फार शिकायचं होतं हो मला. पण त्या मोठ्या गिटारीला वळसा घालून हातच पोचायचा नाही. सगळे हसायचे. दिलं सोडून." त्यांनी सैल तारेवरून अंगठा फिरवला. "ही बरोबर बसते, नाही?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

आता सासूबाई रीतसर क्लासला जातात. परवा त्यांच्याकडे गेलो तेव्हा भीत भीत विचारलं, "आई, जरा वाजवून बघू का?"

"बघा की," त्या म्हणाल्या, "पण आधी हात धुऊन या!"