लेडीज, गळा लांब

"साखरपुड्यात प्रांजल अशी दिसंल, की पलूसमधल्या साऱ्या बायका शिंप्याकडं धावत सुटतील!" असं सुंदरी मगदूमनं नणंदेच्या वतीनं छातीठोकपणे जाहीर केलं, आणि तिथंच घराच्या मागं साडेसाती लागली!

सुंदरीला जुन्या सिनेमांचं भारी वेड. काळ्यापांढऱ्या पडद्यावर नायिका रडायला लागली की घरातली माणसं डोळे पुसायची, आणि ही मोबाईल थांबवून नायिकेच्या बाहीच्या चुण्या मोजायची! कुठं जुनं सामान विकायला निघालं की ही हजर. पितळी बटणं, कोळशाची इस्त्री, पायाचं मशीन... नवरा आर्जव म्हणायचा, "मीबी जरा जुना झालो, की माझ्याकडं बघशील!"

गेल्या महिन्यात मिरजेच्या जुन्या बाजारात तिला एक फर्मा सापडला. म्हणजे कापड बेतायला शिंपी खाकी कागद कापून ठेवतात, तो. त्यावर फिक्या शाईत लिहिलेलं: 'लेडीज. गळा लांब. भो. ४०. अस्तर जाड.'

"भो. म्हणजे भोवताली!" सुंदरीनं उभ्या उभ्या निकाल दिला. "नायिकेचा गाऊन हाय हा! वर निमुळता, खाली घेरदार!"

"आणि हात कुठनं काढायचे?" आर्जवनं विचारलं.

"आवं, हात आतच! वरनं लांब टोपी! तुमाला काय कळतंय फॅशनमधलं?"

आता असल्या गाऊनला कापडही तसंच हवं. सासूबाईंनी, म्हणजे गुणमालाबाईंनी, लग्नातला जांभळा शालू काढून दिला. चाळीस वर्षं पेटीत जपलेला! देताना त्यांचा हात सुटेना. "लेकीसाठी म्हणून देते गं. कात्री लावायच्या आधी दहांदा विचार कर."

सुंदरीनं दहांदा विचार केला. दहाही वेळा तोच केला!

सुंदरीनं स्वतःच मशीनवर गाऊन शिवला. ट्रायल? छे! आधी घालून बघितलं की नवलाई जाते म्हणे. गाऊन बाहेर निघाला तो थेट साखरपुड्याच्या सकाळी. प्रांजलनं हात वर केले, डोकं आत घातलं आणि अडकली! गाऊन खाली येईना, वर निघेना. लांब गळ्यातनं आवाज आला, "वैनीऽ, उजेड कुठल्या बाजूला हाय?"

"जरा पोट आत घे!"

"पोट बाहेरच हाय! डोकं आत हाय!"

आर्जवनं बहिणीची कंबर धरली, सुंदरीनं गाऊनचं टोक ओढलं.

"हळू वो, शालू फाटंल!"

"आणि बहीण?"

इतक्यात मिरजेचे पाहुणे दारात! गुणमालाबाई ओवाळायचं ताट घेऊन आल्या, तर लेक दिसेना, शालू तेवढा नाचताना दिसला. त्या जागच्या जागी थिजल्या. सुंदरीला वाटलं, शालूबी गेला, सोयरीकबी गेली! तिला रडू फुटलं.

पाहुण्यांत नवरदेवाची आत्या होती, राजमती. मिरजेत गाणं शिकवायची. काखेत चादरीत गुंडाळलेला तंबोरा, साखरपुड्यात गायला आणलेला. ती पुढं आली आणि ओरडली, "अगं बाई! ही तर तंबोऱ्याची गवसणी!"

"गव... काय?" सुंदरीनं घाबरत घाबरत फर्म्याचा कागद पुढं केला.

"खोळ गं! बायकांच्या आवाजाचा तंबोरा जरा लहान असतो, त्याला आम्ही लेडीज म्हणतो."

"आणि भो.?" सुंदरीनं कागदावर बोट ठेवलं.

"भोपळा!"

आर्जव म्हणाला, "लोक आकाशाला गवसणी घालत्यात, हिनं माझ्या बहिणीला घातली!"

नवरदेव हसून हसून पायरीवरच बसला. आत्यानं सराईत हातानं खोळ अलगद उतरवली. केस विस्कटलेली, घामाघूम प्रांजल बाहेर आली आणि तीही हसायला लागली. सोयरीक वाचली!

मग आत्यानं चादर सोडून तंबोरा त्या खोळीत सरकवला. असा बसला, जणू मापच त्याचं घेतलेलं! गुणमालाबाई जवळ गेल्या. भोपळ्यावरनं, दांडीवरनं हात फिरवला. सुंदरी मान खाली घालून उभी.

"कुठं झोळ न्हाई, कुठं चुणी न्हाई," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे तंबोऱ्यालाच. लेकीसंगं मिरजेला जाईल शालू."

लग्न होऊन सहा वर्षं झाली, पण सासूबाईंनी शिवणाचं कौतुक केलं ते आज पहिल्यांदा! सुंदरीचे डोळे भरून आले. "खरंच बरं जमलंय, आत्ती?" तिनं सासूबाईंना विचारलं.

"व्हय की गं! गिऱ्हाइकाला हातपाय नसले, की तू लय झ्याक शिवतीस!"