रणदिव्यांची दोन वाक्यं

आमच्या शेजारचे रणदिवे फुटबॉलची मॅच बघतात, पण चेंडूकडे बघत नाहीत.

हे माझ्या लक्षात यायला बराच वेळ लागला, कारण मी बापडा चेंडूकडे बघत होतो. गोल झाला की मी ओरडायचो आणि रणदिवे दचकून विचारायचे, "काय झालं?" मग पुन्हा शांतपणे, "ते मागचं छप्पर बघा पाटणकर. कोपऱ्यातून गळतंय. मागच्या खेपेलाही गळत होतं. एवढी महाग तिकिटं लावतात, एक पन्हळ बदलता येत नाही?"

रणदिवे इथे सेम्बावांगला जहाजदुरुस्तीच्या यार्डात वेल्डिंग तपासणारे इंजिनीअर. उभा जन्म पोलादातल्या चिरा शोधण्यात गेला, म्हणून नजर तिकडे जात असेल, अशी मी माझी समजूत घातली. पण त्यांचं नुसत्या छपरावर भागत नसे. प्रेक्षकांनी कोट घातलेत की स्वेटर, लाइन्समनच्या हातात मोजे आहेत का, कोपऱ्यातला झेंडा वाऱ्याने किती फडफडतोय, याची त्यांना खडान्‌खडा माहिती. "चार वाजत नाहीत तोच अंधार केलाय बघा," असं ते म्हणायचे. त्या गावच्या नगरपालिकेने तो मुद्दाम केला असावा, असा त्यांचा सूर.

बरं, मॅच तरी ताजी असावी? तीही नाही. रणदिवे लवकर झोपणारे. त्यामुळे शनिवारची मॅच आम्ही रविवारी सकाळी पोह्यांबरोबर बघायचो, निकाल पेपरात वाचून झाल्यावर. निकालही काय, हरलेलेच असायचे. इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या डिव्हिजनमधला क्लब आहे. नाव सांगत नाही, त्यांचं यंदा आधीच पुरेसं झालंय.

आठवडाभर चांगी बिझनेस पार्कात बँकेच्या सिस्टिम्सची उस्तवार करून माझा चोथा झालेला असतो. आमचं सेम्बावांग या बेटाच्या एका टोकाला, ऑफिस दुसऱ्या. रविवारी मला फक्त आडवं पडायचं असतं. पण बायको म्हणते, "जा हो, बसा जरा त्यांच्याजवळ. वहिनी गेल्यापासून एकटे असतात." म्हणून मी जातो आणि हरलेली मॅच हरताना बघतो.

खेळाबद्दल रणदिव्यांना ओ की ठो कळत नाही. गोलकीपरला ते 'दारवाला' म्हणतात. प्रशिक्षकाला 'साहेब'. मोसमात साहेब तीनदा बदलले. तिसऱ्याला बघून रणदिवे एवढंच म्हणाले, "याला ॲसिडिटी आहे." ऑफसाइड मी त्यांना पोह्यातले शेंगदाणे ताटलीत मांडून समजावला. त्यांनी मान डोलावली, "असं होय," म्हणाले, आणि बचावपटू खाऊन टाकला.

एरवी त्यांचं सगळ्यावर एकच मत, "ठीकच म्हणायचं." चार गोल खाल्ले तरी ठीकच म्हणायचं. माझी लेक इरा एकदा दारातून डोकावून इथल्या बोलीतल्या इंग्रजीत म्हणाली, "अंकल, युअर टीम कॅन्नॉट मेक इट लाह." त्यावरही त्यांनी तेच सांगितलं आणि तिला लाडू दिला.

शेवटी एका रविवारी माझा तोल गेला. हातातला सामना घालवून संघ मैदानाबाहेर चालला होता आणि रणदिवे पावसाची दिशा बघत होते. मी म्हटलं, "रणदिवे, तुम्हाला फुटबॉल आवडतं तरी का?"

"छे हो," ते म्हणाले. "बावीस माणसं इतकं का पळतात, ते मला कधी कळलंच नाही."

"मग कशाला बघता?"

"सई त्या गावात असते ना."

सई त्यांची एकुलती एक मुलगी. शिकायला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. म्हणजे रणदिवे इतके दिवस मॅच बघतच नव्हते. लेकीच्या गावात किती थंडी पडलीय, ते बघत होते.

"मंदा होती तोवर फोन तिचा असायचा," ते ताटल्या गोळा करता करता म्हणाले. "मायलेकींचं तासभर चालायचं. शेवटी माझ्या हातात. मी म्हणायचो, बरी आहेस ना? जेवलीस ना? थांब, आईकडे देतो. आता कुणाकडे देऊ?"

मंदावहिनी गेल्यावर दर रविवारी चार वाजता सईचा फोन यायचा आणि दोघं एकमेकांचा श्वास ऐकत बसायचे. एकदा काहीच सुचेना म्हणून रणदिव्यांनी पेपरात दिसलेलं वाचून दाखवलं, "तुमच्या गावचा संघ काल हरला वाटतं." आणि सई चक्क बोलायला लागली. बचाव कसा कच्चा आहे, साहेब कसे चुकतात. तिथून पाऊस, पावसावरून सर्दी, सर्दीवरून घरमालक हीटर दुरुस्त करत नाही, इथपर्यंत गाडी गेली. लेकीला फुटबॉलचं एवढं वेड आहे हे रणदिव्यांना तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी टीव्हीवर स्पोर्ट्सचं पॅकेज घेतलं.

"पण दर वेळी बोलणार काय? तुम्हाला त्यातलं कळतं. मला दोन वाक्यं देत जा," ते म्हणाले.

झालं. ऑफिसात मॅनेजरला बोलायला स्लाइड्स करून देतो, रविवारी रणदिव्यांना वाक्यं. एक सुरुवातीला टाकायचं, दुसरं तिने काही विचारलं तर हाताशी असावं म्हणून. ताटल्या घासताना ते पाठ करायचे. चार वाजता कॉरिडॉरच्या खिडकीतून मला ऐकू यायचं, "सई, आपली मधली फळी चेंडू ठेवतच नाही गं." पुढच्या रविवारी ते तिचं उत्तर घेऊन यायचे. पोरगी मोठी तयारीची होती. एकदा तिने माझा मुद्दा असा खोडून काढला, की सोमवारी ऑफिसात जाईपर्यंत मी धुमसत होतो.

नवीन वर्ष लागलं आणि क्लब तळाच्या तिघांत गेला. तळाचे तिघे मोसम संपला की खालच्या डिव्हिजनमध्ये जातात. हे मी सांगितल्यावर रणदिव्यांनी पहिल्यांदाच टीव्हीचा आवाज बंद केला.

"आणि खालच्या मॅचेस इथे दिसतात?"

"आपल्या पॅकेजमध्ये नाही दिसत."

"मग मी तिच्याशी बोलू काय, पाटणकर?"

तेव्हापासून मीही त्या क्लबला चिकटलो. माझा स्वतःचा मोठा क्लब वर्षानुवर्षं कपाटात चषक रचतो आहे, त्याचं काय चाललंय हेही मी विसरलो. एमआरटीच्या गाडीत उभ्या उभ्या गुण मोजायला लागलो. एप्रिलमध्ये आमचे लोक लागोपाठ दोन सामने जिंकले आणि मी आणखीच थकलो. हरण्याची सवय झाली होती, आशा मात्र अंगावर आली.

मे महिन्यात सगळं संपलं. बरोबरी पुरेशी नव्हती, आणि बरोबरीच झाली. त्या दिवशी रणदिवे पहिल्यापासून शेवटपर्यंत चेंडूकडे बघत होते. छप्पर गळत होतं की नव्हतं, ते त्यांनी सांगितलं नाही.

"आज काय सांगू तिला?" त्यांनी विचारलं.

"आज काही सांगण्यासारखं नाही हो," मी म्हटलं आणि घरी येऊन पडलो. वाईट वाटत होतं, आणि त्या अकरा जणांचा रागही येत होता.

साडेचारला बेल वाजली. दारात रणदिवे.

"सई येतेय," ते म्हणाले. "मी फोनवर गप्प बसलो, तर म्हणाली, बाबा, अशा वेळी तुम्हाला एकटं नाही ठेवायची मी. रजा टाकते." ते आत येऊन खुर्चीच्या कडेला बसले. "पाटणकर, ती माझं सांत्वन करायला येतेय. मला दुःखी दिसायला हवं. जमेल ना मला?"

जमलं नाही. विमानतळावर मी दोनदा कोपराने ढोसलं, "रणदिवे, चेहरा पाडा." ते पाडायचे, पण दार उघडलं की पुन्हा वर यायचा. सई बाहेर आली ती थेट त्यांच्या गळ्यात पडली. "बाबा, मनाला लावून घेऊ नका. पुढच्या वर्षी येतील ते वर." त्यावर टाकायला मी त्यांना दोन उत्तम वाक्यं दिली होती. ते म्हणाले, "किती वाळलीस गं," आणि भर गर्दीत हमसाहमशी रडायला लागले. शेजारच्या बाईंनी मला हळूच विचारलं, कोण गेलं म्हणून. मी म्हटलं, "क्लब."

टॅक्सीच्या रांगेत रणदिवे बॅग धरून पुढे उभे राहिले तेव्हा सई माझ्याजवळ सरकली. "काका, एक सांगू? मला फुटबॉल अजिबात आवडत नाही. बाबांनी पहिल्यांदा विषय काढला तेव्हा माझ्या फ्लॅटमेटचं कानावर पडलेलं ठोकून दिलं. त्यांना इतकं वेड आहे, म्हणून आता त्याच्याकडून दर रविवारी दोन-दोन वाक्यं घेऊन पाठ करते. त्यांना कळू देऊ नका हं. तेवढ्यावरच तर बोलतात ते माझ्याशी."

म्हणजे इतके महिने मी आणि इंग्लंडातला कुणी एक अनोळखी इसम या बापलेकीच्या तोंडून भांडत होतो! हसावं की कपाळावर हात मारावा, मला कळेना. "नाही सांगत," मी म्हटलं. खरंच, सांगणार तरी कुणाला आणि काय?

मी पुढे बसलो, दोघं मागे. फुटबॉलचा विषय कुणीच काढला नाही. एक्सप्रेसवेला लागायच्या आत सई झोपली, डोकं बापाच्या खांद्यावर. रणदिवे पाठ ताठ ठेवून बसले, ते सेम्बावांग येईपर्यंत तसेच. खांदा अवघडला असणार, पण तसूभर हलले नाहीत.

आमच्या इमारतीखाली टॅक्सी थांबली. मी दाराला हात घातला तर मागून कुजबुज आली, "पाटणकर, उतरू नका."

मी वळून बघितलं. त्यांनी डोळ्यांनीच लेकीकडे खूण केली.

"ड्रायव्हरला म्हणावं, अजून एक चक्कर मारून ये."