बिराजदारांचा तपास

बिराजदार हवालदारांच्या सरकारी मोटारसायकलला सायरन आहे, पण ते तो वाजवत नाहीत. स्वतःच ओरडतात. सात रस्त्याला त्यांची गाडी दिसली की अर्धा चौक आपोआप फोन खिशात घालतो. "ए पांढरा शर्ट! हेल्मेट कुटं हाय? डोकं घरी ठिवून आलास व्हय रं?" एवढं गरजून झाल्यावर, लालबुंद तोंडानं म्हणणार, "मला राग आणू नका!"

मी त्यांच्याच ठाण्यात फोन घेतो, नोंदी करतो. बिराजदारांचा उन्हावर राग, खड्ड्यांवर राग, जीपमधून हिंडणाऱ्या साहेबांवर तर लईच. "जीप फिरणार मोठ्या रस्त्यानं. बोळात मरायला आमी आन् ह्यो खटारा!"

विणकरांच्या वस्तीतल्या नरसम्मा नावाच्या एकट्या म्हातारीचा दर चार-पाच दिवसांनी फोन यायचा. घागर चोरीला गेली. कधी कळशी, कधी बादली. बिराजदार चडफडत किक मारायचे आणि तासाभरानं परतायचे.

शेवटी साहेब वैतागले. "खोट्या तक्रारी करते. तिच्यावरच गुन्हा नोंदवा."

बिराजदारांनी टेबलावर हेल्मेट आपटलं. "मग आदी माज्यावर नोंदवा, साहेब!"

साहेबांनी शहानिशा करायला मला धाडलं. पुढचा फोन आला तसा मी बिराजदारांच्या मागं बसलो. वाटेत ते कुणावरच ओरडले नाहीत, तेव्हा मात्र मला भीती वाटली.

बोळ इतका अरुंद, की हँडल भिंतीला घासत होतं. कमरेत वाकलेली नरसम्मा उंबऱ्यावर बसली होती. पाच दिवसांनी नळाला पाणी आलं होतं, तेही करंगळीएवढं. बिराजदारांनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि शेजारच्या दारावर दणका घातला.

"नळाची मोटर बंद कर! सगळं पाणी तूच वढ. म्हातारीनं काय हवा प्यायची?"

मोटर बंद झाली. धार वाढली. पिंप भरेपर्यंत ते घागरी वाहत होते आणि तिच्यावर खेकसत होते. "घागर चोरीला गेली म्हनतीस, मग ही काय हाय?"

"सापडली की रे बाबा," ती म्हणाली. "बस आता, चहा ठेवते."

"मला टाइम न्हाय," असं म्हणून ते मांडी घालून बसले.

ठाण्यात परतल्यावर मी नोंदवही उघडली. बिराजदार शेजारी येऊन उभे राहिले. "काय लिव्हनार?" आवाज एवढा हळू, की मी वर पाहिलं.

मी लिहिलं : तक्रार खरी आहे. तपासासाठी वारंवार जावे लागेल.

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग ओल्या पँटची घडी सोडायला खाली वाकले. बराच वेळ वर आलेच नाहीत.