गोगलगाईंना मीच लागतो

परदेशी प्रयोगशाळेत वर्षभर जायचं आहे, हे त्याने सासुरवाडीलासुद्धा कळवून टाकलं होतं. निवड तेवढी व्हायची होती.

"आणि धाकटी?" बायकोने विचारलं.

धाकटी म्हणजे त्याच्या मागून इथल्या प्रयोगशाळेत आलेली सहकारी. दोघंही एकाच कामावर होती: गोगलगाईचा फुटलेला शंख पुन्हा भरून कसा येतो? परदेशातल्या एका प्राध्यापकबाईंना याच कामासाठी तरुण संशोधक हवे होते.

"ती? तिला अजून धड पाला घालता येत नाही."

धाकटीचे शोधनिबंध त्याच्यापेक्षा जास्त छापून आले होते. हे तो बायकोला सांगायला विसरला, इतकंच.

मुलाखत दोघांची एकदमच, पडद्यावर. शेजारी प्रयोगशाळेचे प्रमुख, सर, बसलेले. बाईंनी सुरुवातीलाच धाकटीच्या आलेखांची तारीफ केली. याने खुर्ची पुढे ओढली. धाकटी खाली मान घालून हसली. गोगलगाय अन् पोटात पाय, तो मनाशी म्हणाला.

मग बाईंनी विचारलं, "गोगलगाई सांभाळतं कोण?"

"मी," तो जवळजवळ पडद्यात शिरला. "माझ्या हातचं असेल तरच खातात. मी रजेवर गेलो की निम्म्या दगावतात."

"नाही हो बाई," धाकटी घाईने म्हणाली, "मीही सांभाळते की. दादा, असं काय सांगताय?"

आली श्रेय लाटायला! "यांनी सांभाळल्या तेव्हा एकीने दोन दिवस शंखाबाहेर तोंड काढलं नव्हतं," तो म्हणाला.

सरांनी टेबलाखालून त्याला पाय मारला. सर खूश आहेत, असं समजून त्याला आणखी चेव आला. "माझ्या पावलांचा आवाज ओळखतात त्या."

गोगलगाईला कान नसतात, हे त्या खोलीत सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण बाई समाधानाने मागे टेकल्या.

"माझी मोठी काळजी मिटवलीत. योजना जोडीची आहे. एकाने इकडे यायचं, दुसऱ्याने तिकडे गोगलगाई जगवायच्या. मागे कोणाला ठेवावं, तेच मला ठरवता येत नव्हतं."

संध्याकाळी बायकोने दारातच विचारलं, "झाली निवड?"

"झाली. एकमताने."

"मग बॅग काढू माळ्यावरून?"

"पिशवी काढ," तो चपला काढत म्हणाला. "कोबी आणायचाय."