आप्पांचं बोरगावचं काम

आमचे आप्पा माणसांशी मराठीत बोलतात आणि नेटवर्कच्या स्विचशी कानडीत. पेटीसमोर मांडी घालायची, लॅपटॉपची वायर जोडायची आणि काम करता करता तिला गोंजारायचं, "एळो तम्मा, एळो." म्हणजे, ऊठ रे बाळा, ऊठ. पेटी बेंगळुरूहून आली म्हणून कानडी असेल, असं मला वाटायचं. एकदा विचारलंच. म्हणाले, "मशिनसंगट मराठीत बोलाय लागलो की तोंडात शिव्याच येत्यात गं. कानडीत मला एकबी येत न्हाय."

आमच्या संस्थेच्या निपाणी, चिकोडी, बोरगाव अशा शाळा आहेत. सगळीकडचे संगणक आप्पांच्या हाती आणि आप्पांच्या हाताखाली मी. स्विच म्हणजे भिंतीवरची ती पेटी, जिच्यात सगळ्या वायरी येऊन मिळतात. ऑफिस, लॅब, स्टाफरूम, प्रत्येकाचा तिच्यात वेगळा इंटरफेस, म्हणजे दारच म्हणा, आणि प्रत्येक दाराला आपापला आयपी पत्ता. पत्ता टाकून मी हात झटकले की आप्पा खेकसायचे, "पाटी लावली म्हंजे झालं व्हय? दार कोन उघडणार?" कारण इंटरफेस चालू करायचा हुकूम वेगळा द्यावा लागतो. आणि शेवटी सगळं सेव्ह करायचं, नाहीतर वीज गेली की पेटी सगळं विसरते. सेव्हच्या बाबतीत आप्पांचा कुणावर म्हणून विश्वास नाही. स्वतः दोनदा करतात आणि मग मलाही करायला लावतात.

तरी बोरगावची पेटी सारखी विसरायची. फी भरायला आलेले पालक खोळंबायचे, पावती निघायची नाही, तिथल्या क्लार्कचा फोन यायचा आणि आप्पा लगबगीनं स्कूटर काढायचे. मी जाते म्हटलं तर म्हणायचे, "ऱ्हाऊ दे. ती पेटी लई खट्याळ हाय, तुझं ऐकायची न्हाय." परत येताना हातात भरलेला डबा असायचा. शाळेला लागूनच त्यांची थोरली बहीण राहते, आक्का. ती तिथं एकटी, आप्पा इथं एकटे. पण आक्का स्वभावानं कडक. कामधंदा सोडून नुसतं भेटायला आलेलं तिला खपत नाही. एकदा आप्पा सहज म्हणून गेले, तर आक्कानं दारातूनच विचारलं, "काय झालं? कोन गेलं?" आणि चहा पाजून आल्या पावली परत धाडलं.

मध्यंतरी आप्पांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि लगेच बोरगावहून फोन आला. डोळ्याला पट्टी असताना आप्पा म्हणतात, "मी जातो." मी त्यांना दटावून बसवलं आणि स्वतः गेले. वायर जोडून बघते तर पेटी कोरी! सेव्ह केल्याची खूण म्हणून नाही. असला राग आला मला. माझ्या कानीकपाळी ओरडणारा हा माणूस, आणि स्वतः असा! तेवढ्यात क्लार्क म्हणाला, "मॅडम, गावात लाईट तर गेलीच न्हाय की."

मग नेमकं झालं काय, याचा विचार करत होते तोच आक्का हातात डबा घेऊन आल्या. शाळेची किल्ली त्यांच्याकडेच असते. मला बघून त्या दारात थबकल्या.

"आप्पा न्हाय आला?"

मी ऑपरेशनचं सांगितलं. त्या बाकावर टेकल्या.

"मला सांगिटलं न्हाय त्येनं," त्या म्हणाल्या. "लई दीस झालं, तोंड दिसलं न्हवतं त्येचं. म्हणून सकाळी शाळा उघडताना लाईटीचं मेन बटन पाडलं आन् परत चढवलं. मेन पाडलं की येतोय त्यो."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. भाऊ मुद्दाम सेव्ह करत नाही, बहीण मेन पाडते, आणि दोघांनाही एकमेकांचा सुगावा नाही! हसावं की रडावं ते कळेना. खरं सांगायचं तर रडूच आलं होतं. मी पत्ते टाकले, दारं उघडली. सेव्ह मात्र केलं नाही.

"डोळ्यात औषध कोन घालतंय त्येच्या?" आक्कांनी विचारलं.

"स्वतःच घालतात. निम्मं गालावर जातंय."

आक्का उठल्या. घराला कुलूप घातलं आणि डबा सांभाळत माझ्या गाडीवर मागं बसल्या.

निपाणीत आप्पांनी दार उघडलं. काळ्या चष्म्यातून बघतच राहिले. "आक्का? काय काम काढलंस?"

"काम काय न्हाय. भेटाय आले. नीज बघू हितं, औषध घालते."

आप्पा निमूट आडवे झाले. आक्कांनी चष्मा काढला, बाटलीचं टोपण उघडलं आणि थांबल्या. पदरानं त्यांचा गाल पुसत म्हणाल्या, "आरं थांब की. आजून घातलं बी न्हाय."