कवड्यांचा घेर

"हा घेर माझ्या कमरेवरून उतरंल तो मी मेल्यावरच!" साखऱ्याच्या देवीपुढं गोंधळ घालणारे सोनाजी चारचौघांत बोलून बसले. नवरात्र तोंडावर आलं होतं.

घेर म्हणजे गोंधळात नेसायचा घोळदार घागरा, त्याला कवड्यांचा जड कमरपट्टा. रिवाज असा, की पट्ट्याचा पितळी आकडा कडीत बसला तर नाचायचा मान राहिला, नाहीतर घेर पुतण्याकडं. पुतण्या प्रमोद काडीसारखा सडपातळ आणि कधीचा टपून बसलेला. इकडं उन्हाळ्यातली सगळी लग्नं सोनाजींच्या पोटावर येऊन बसली होती. घरी नेसून बघितलं, तर आकडा कडीच्या जवळही जाईना.

सोनाजींनी ठरवलं, पोट उतरवायचं; पण बायकोलाही कळू द्यायचं नाही. उपासाची खिचडी घेऊन ते गोठ्यात जायचे आणि ताट म्हशीपुढं धरायचे. स्वतः नुसत्या ताकावर. लख्ख ताट बघून बायको, शकुबाई, हबकून विचारायच्या,

"आणखी वाढू?"

"वाढ की."

हे असंच खाऊन राहिले तर आकडा लागायचा नाही, आणि मान गेला तर माणूस खचून जाईल. मग शकुबाईंनीही ठरवलं. घेराला सुई लावायची नाही, हा नेम त्यांना ठाऊक होता. त्यांनी देवीची माफी मागितली, पट्टा मागून उसवला आणि चांगलं वीतभर कापड जोडलं.

अष्टमीच्या आरतीला पुजाऱ्यानं आकडा लावला. अलगद बसला. सोनाजींनी मिशीला पीळ देत प्रमोदकडं बघितलं. संबळ कडाडला, दिवटी उंच झाली, पहिली गिरकी घेतली आणि घेर गुडघ्यावर आला. आत पट्ट्यापट्ट्यांची चड्डी!

सोनाजींनी डाव्या मुठीत पट्टा धरून वर ओढला. घेर सुटला तर मान सुटला. आरती संपेपर्यंत ते तसेच नाचले, एका हातात दिवटी, दुसरा कमरेवर.

"कापड जोडलंस काहून?" घरी आल्यावर त्यांनी विचारलं.

"तुमी एवढं खाऊन राहिले व्हते, काय करू मंग?"

"मी न्हाई, म्हशीनं खाल्लं."

त्यानंतर दरवर्षी सोनाजी डावा हात कमरेवर ठेवूनच नाचले. पुढं काही वर्षांनी गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा सोनाजींनी स्वतःच घेर प्रमोदच्या हाती दिला. शकुबाईंनी कापड काढून पट्टा पूर्ववत केला होता. प्रमोदला तो अगदी बराबर बसला. तरी नाचताना त्याचा डावा हात काही कमरेवरून हलेना.

"हात सोड की," सोनाजी म्हणाले.

"न्हाई काका. देवीपुढं हात सोडायचा नसतो. जुनी रीत हाय."

शकुबाईंनी तोंडाला पदर लावला. सोनाजींनी घसा खाकरला.

"व्हय," ते म्हणाले, "लई जुनी."